माझंही अडकलंय

हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही, जिच्याशी रोज फोनवर बोलते त्या बहिणीला तर नाहीच. सांगण्यासारखं त्यात आहे तरी काय, अशी मी स्वतःची बरेच दिवस समजूत घातली. एक कॅमेरा, एक तळहाताएवढा संगणक आणि स्टाफरूममध्ये चहा पिताना बोललेली दोन-चार वाक्यं. एवढ्यात काय असतं? पण चार वर्षं झाली, ती वाक्यं माझ्याबरोबर आहेत. आता ती तुमच्यासमोर ठेवायचं ठरवलंय. ठरवलंय म्हणजे ठरवलंय — मध्येच थांबले तरी परत येऊन लिहीन.

मी श्रीरामपूरजवळच्या एका डिप्लोमा कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकवते. सोळा वर्षं झाली. नोकरी पक्की आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे तुम्हाला वाटेल की बाईला पोटाची काळजी असेल. नव्हती. घरची डाळिंबाची बाग आहे, नवरा ती बघतो, मुलगी पुण्यात शिकते. माझ्या ताटातलं काहीही कमी होणार नव्हतं.

रूथ माझ्याहून बारा वर्षांनी लहान. तासिका तत्त्वावर शिकवायची — म्हणजे जेवढे तास घेतले तेवढाच पगार, सुट्टी लागली की तोही बंद, आणि दर जूनला नव्याने अर्ज. श्रीरामपुरातच वाढलेली. वडील लवकर गेले. आई जवळच्या खेड्यात अंगणवाडी सेविका, तिनेच हिला शिकवलं. रूथ मला ताई म्हणायची. माझ्या डब्यातली मेथीची भाजी न विचारता घ्यायची. नाताळात तिच्या घरच्या करंज्यांचा पहिला डबा माझ्याकडे यायचा. मी तिची मैत्रीण होते, असं कॉलेजातला कुणीही सांगेल. मीही सांगितलं असतं.

त्या वर्षी कॉलेजाने दोन डेप्थ कॅमेरे घेतले. साधा कॅमेरा नुसतं चित्र काढतो. हा समोरच्या वस्तूचं अंतर मोजतो — चित्रातला प्रत्येक ठिपका आपल्यापासून किती लांब आहे ते सांगतो. त्यामुळे वस्तूला हात न लावता तिची उंची, जाडी, आकार काढता येतो. त्याच्या जोडीला दोन छोटे बोर्ड, म्हणजे एकाच पाटीवर मावणारे संगणक. एक जोडी मला, एक रूथला. मी डाळिंबांची आकारानुसार प्रतवारी करायचं ठरवलं. घरातलाच माल, डोकं फार चालवावं लागलं नाही.

रूथची कल्पना तिच्या आईच्या कामातून आली होती. अंगणवाडीत लहान मुलांची उंची मोजतात. पोरं त्या पट्टीला घाबरतात, रडतात, गुडघे वाकवतात, आणि माप दोन बोटं इकडेतिकडे होतं. त्या मापावरून ठरतं की पोर कमी वाढीचं आहे का, त्याच्याकडे जास्त लक्ष द्यायचं का. दोन बोटं चुकली की पोर कागदावर धडधाकट होतं. रूथ म्हणायची, ‘‘ताई, पोराला कळायलाच नको की कुणी मोजतंय. ते उभं राहिलं, खेळलं, झालं.’’

प्राचार्यांनी दोघींना बोलावून सांगितलं, की प्रात्यक्षिकाच्या दिवशी दोघींपैकी जिचं यंत्र जास्त चांगलं चालेल तिला पुण्याच्या प्रदर्शनाला पाठवू आणि नव्या लॅबची जबाबदारीही देऊ. माझ्यासाठी लॅब म्हणजे दारावर एक पाटी. रूथसाठी ती पूर्ण वेळची नेमणूक होती. हे तिने मला त्याच संध्याकाळी गेटपाशी सांगितलं. हात माझ्या हातात होता तिचा. मला हे माहीत होतं — लक्षात ठेवा, मला माहीत होतं.

आता त्या बोर्डाचं सांगते. कॅमेरा पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेतून चालवायचा तर आधी त्याचं सॉफ्टवेअर बोर्डावर बसवावं लागतं. मोठ्या संगणकासाठी ते तयार मिळायचं, एक ओळ टाकली की काम झालं. आमच्या बोर्डासाठी तेव्हा तयार काही नव्हतं. मूळ कोड उतरवायचा आणि बोर्डावरच तो सगळा बांधून घ्यायचा, म्हणजे कंपाइल करायचा. पडद्यावर टक्के सरकत राहतात. पाच, बारा, तीस. आणि साठीच्या पुढे कुठेतरी बोर्ड गप्प होतो. माउस हलत नाही, काही नाही. प्लग काढायचा, परत लावायचा, पुन्हा तेच.

आठवडाभर दोघींचंही असंच चाललं होतं. मग एका रविवारी मी घरी ओसरीवर बोर्ड मांडला आणि शांतपणे विचार केला. बोर्डाला चार कोअर, म्हणजे एका वेळी चार कामं करणारे हात. आम्ही चारही हात एकदम लावत होतो आणि त्या चौघांना पुरेल एवढी मेमरी त्याच्याकडे नव्हती. बोर्डात सगळं साठवून ठेवणारं जे छोटं कार्ड असतं, त्यावरची थोडी जागा मी मेमरीसारखी वापरायला दिली आणि एकच कोअर लावला. सकाळी सातला सुरू केलं. स्वयंपाक झाला, जेवणं झाली, बागेत पाणी सोडून नवरा परत आला. दुपारी चारच्या सुमारास शंभर टक्के. मग पायथन म्हणालं, असं काही मॉड्यूल मला सापडत नाही. ते दुसऱ्याच फोल्डरमध्ये जाऊन बसलं होतं. रस्ता दाखवल्यावर सापडलं. आणि पडद्यावर माझा हात दिसला — जवळची बोटं लाल, मागचं कुंपण निळं.

किती आनंद झाला होता म्हणून सांगू. पहिला विचार आला, रूथला फोन करावा. केला नाही. का नाही केला? उद्या भेटणारच आहे, असं म्हटलं. खरंच तेवढंच होतं का?

त्याच्या दोन महिने आधी एक गोष्ट झाली होती. मी वर्गात पायथन शिकवत होते आणि फळ्यावर लिहिलेला प्रोग्रॅम चालेना. रूथ मागे हजेरीपुस्तक घ्यायला आलेली. ती हळूच म्हणाली, ‘‘ताई, चौथी ओळ थोडी आत हवी.’’ चालला. मुलं हसली नाहीत, कुणी काही बोललं नाही, तिच्या आवाजातही काही नव्हतं. पण त्या दिवसापासून मी तिच्याकडे जरा बाजूने बघायला लागले. तेव्हा बारा वर्षं शिकवत असलेली मी, आणि ही काल आलेली. हे कारण म्हणून सांगत नाही. एवढ्याशा गोष्टीचं कुणी कारण करतं का? नुसतं घडलं तसं सांगते.

सोमवारी स्टाफरूममध्ये रूथ चहाचा कप घेऊन माझ्याशेजारी बसली.

‘‘ताई, तुमचं झालं का? माझं त्रेसष्ट टक्क्यांवर बसतंय.’’

मी तोंड उघडलं ते सांगायलाच. अगदी खरं सांगते, जिभेवर वेगळंच वाक्य होतं. आणि बाहेर आलं ते हे:

‘‘नाही गं. माझंही अडकलंय.’’

बस्स. एवढं सोपं असतं. ती म्हणाली, ‘‘मग बरं, मला वाटलं मीच बावळट.’’ आणि हसली.

इथे थांबले असते तरी ते खोटंच होतं. पण तुम्हाला वाटत असेल की हाच तो कबुलीजबाब, तर नाही. एवढ्यासाठी मी लिहायला बसले नसते.

पुढचे अडीच-तीन आठवडे मी ते खोटं सांभाळलं. रोज सांभाळावं लागतं ते. रूथ मला पडद्याचे फोटो पाठवायची, मी ‘बघते’ म्हणायची. तिला काही नवीन सापडलं की ती धावत यायची, ‘‘ताई, हे करून बघा, तुमचंही सुटेल.’’ कॅमेरा जोडायची जी केबल आम्हाला दिली होती ती संथ जातीची आहे, हे तिनेच शोधलं. माझ्यासाठीही एक चांगली केबल मागवून घेतली. माझं यंत्र त्या केबलमुळे कितीतरी सुरळीत चालायला लागलं. मी तिला म्हटलं, ‘‘अजून अडकलेलंच आहे बघ.’’

तिच्याकडे लॅपटॉप नव्हता. कॉलेजातला एक जुना पडदा आणि कीबोर्ड जोडून ती सगळं काम त्या बोर्डावरच करायची. सॉफ्टवेअर पुढे सरकत नव्हतं, पण उंची काढायचा प्रोग्रॅम तिने लिहून ठेवला होता. रविवारी आईबरोबर जाऊन मुलांची मापं घेतली होती, ताडून बघायला. ती मापंही तिथेच, त्या नखाएवढ्या कार्डावर. हे मला माहीत होतं. हेही लक्षात ठेवा.

प्रात्यक्षिकाला सहा दिवस राहिले होते. दुपारची वेळ, लॅबमध्ये आम्ही दोघीच. तिचे डोळे ओढलेले. ती म्हणाली, ‘‘ताई, मला वाटतं चारही कोअर एकदम लावतोय ना, तिथेच गडबड आहे. एकच लावून बघू का?’’

बघा. तिला सापडलं होतं. मी न सांगताच तिला सापडलं होतं. मला फक्त ‘बघ’ म्हणायचं होतं. तेही नको — नुसतं गप्प राहिले असते तरी चाललं असतं.

मी म्हणाले, ‘‘एका कोअरवर दोन दिवस लागतील. मध्ये लाईट गेली की पुन्हा पहिल्यापासून. वेळ आहे का तुझ्याकडे तेवढा?’’

दोन दिवस लागत नाहीत. मला नऊ तास लागले होते. आणि लाईट गेली तरी जेवढं बांधून झालंय तेवढं तसंच राहतं. हे मी स्वतः पाहिलेलं होतं.

‘‘मग काय करू?’’ तिने विचारलं.

‘‘कार्डच खराब झालंय तुझं. फॉरमॅट कर आणि सगळं नव्याने टाक. मोकळ्या कार्डावर बसेल.’’

‘‘माझं सगळं त्यावरच आहे, ताई.’’

आता माझं त्यावरचं उत्तर. हे लिहायला मला चार वर्षं लागली. मी म्हणाले, ‘‘लिहिलेलं डोक्यात असतंच की गं. दोन दिवसांत पुन्हा लिहिशील. मापं काय, आईच्या रजिस्टरमध्ये आहेतच.’’

माझ्या पर्समध्ये पेनड्राईव्ह होता. आधी कॉपी घे, एवढं म्हणायचं असतं. पहिल्या वर्षाच्या मुलांना मी ते रोज सांगते. तिला म्हटलं नाही. तिला स्वतःला का सुचलं नाही, असं म्हणू नका. ती थकलेली होती, आणि सांगणारी मी होते. तिने माझ्याकडे एकदा बघितलं आणि कार्ड पुसून टाकलं. मी शेजारच्या खुर्चीवर बसून ते बघितलं. पडद्यावरची ती पट्टी डावीकडून उजवीकडे भरत गेली. मला काय वाटलं? वाईट वाटलं नाही. आता झालं, असं वाटलं.

प्रात्यक्षिकाच्या दिवशी माझी डाळिंबं पट्ट्यावरून सरकली आणि मोठी, मध्यम, लहान अशी वेगळी झाली. पाहुण्यांनी फोटो काढले. पलीकडच्या टेबलावर रूथचा बोर्ड बंद होता. तिने चार दिवसांत प्रोग्रॅम पुन्हा लिहिला होता, पण खालचं सॉफ्टवेअर बसलंच नव्हतं — पुन्हा चार कोअर, पुन्हा साठीच्या पुढे गप्प. आणि तिची आई आली होती. अंगणवाडीतली तीन पोरं आणि त्यांच्या आया रिक्षाने घेऊन आली होती, लेकीचं यंत्र बघायला. पोरांना नवे कपडे घातलेले.

मावशी मला म्हणाल्या, ‘‘बाई, पोरगी तीन आठवडे धड जेवली न्हाई बगा. तुमी हाय म्हून तिला धीर हुता.’’

मी म्हणाले, ‘‘होतं असं, मावशी. मशीन आहे शेवटी.’’

रूथने पाहुण्यांसमोर मोजपट्टी काढली आणि मुलांची उंची हाताने घेऊन दाखवली. यंत्र चाललं असतं तर काय दिसलं असतं, ते तोंडाने समजावून सांगितलं. आवाज नीट होता. एक बाळ रडायला लागलं तेव्हा पाहुणे पुढच्या टेबलाकडे सरकले. नंतर ती माझ्या टेबलापाशी आली, माझं अभिनंदन केलं. ‘‘कधी जमलं, ताई?’’

‘‘कालच,’’ मी म्हणाले.

जूनमध्ये तिचा अर्ज घेतला नाही. तास कमी आहेत, असं सांगितलं. ती शिर्डीला एका हॉटेलात काउंटरवर लागली. मला लॅब मिळाली, प्रमाणपत्र मिळालं. डाळिंबाचं यंत्र प्रदर्शनातून परत आलं ते कपाटात गेलं. बागेत ते कधीच लागलं नाही. आता त्या बोर्डासाठीही सॉफ्टवेअर तयार मिळतं. माझी मुलं ते दहा मिनिटांत उतरवून घेतात आणि मला विचारतात, मॅडम, तुमच्या वेळी एवढा वेळ का लागायचा?

इथपर्यंत लिहिलं आणि हात थांबला. तुम्हाला सगळं सांगतेय, आणि जिचं आहे तिला नाही? तुम्ही माझे कोण? हा कसला कबुलीजबाब? कागद तसेच ठेवले, दुसऱ्या दिवशी रजा टाकली आणि शिर्डीची एसटी धरली. बाभळेश्वरला उतरून परत फिरावं असं एकदा मनात आलं. उतरले नाही.

रूथ काउंटरवर होती, निळ्या कोटात. मला बघून चेहरा फुलला तिचा. शेजारच्या मुलीला म्हणाली, ‘‘या माझ्या ताई. कॉलेजातल्या.’’ दोन वाजता तिला अर्धा तास सुट्टी होती. हॉटेलच्या मागे चहाची टपरी आहे, तिथे बसलो. मी सगळं क्रमाने सांगितलं — रविवार, ओसरी, एक कोअर, सोमवारचा चहा, कार्ड, पर्समधला पेनड्राईव्ह. रडायचं नाही असं ठरवून गेले होते, रडले नाही. रडले असते तर तिला मला समजवावं लागलं असतं.

तिने आधी एवढंच विचारलं:

‘‘एका कोअरवर झालं होतं?’’

‘‘हो.’’

‘‘मी तेच म्हणाले होते.’’

‘‘हो.’’

मग ती म्हणाली, ‘‘मला चार वर्षं वाटतंय की मला ते जमण्यासारखंच नव्हतं. मी पुन्हा कधी कोडला हात लावला नाही. आईलाही तेच सांगितलं, की माझी कुवत नव्हती.’’

मी म्हणाले, ‘‘आईंना मी जाऊन सांगते.’’

‘‘नको. तुम्ही जायचं नाही तिथे. मी सांगेन.’’ तिने कप ठेवला, कोटाची बटणं लावली. ‘‘निघा तुम्ही आता, मॅडम.’’

मी निघाले.

नंतर प्राचार्यांना लेखी दिलं. कार्डाचं, कोअरचं, सगळं, आणि लॅब सोडते असंही. त्यांनी ते दोनदा वाचलं. म्हणाले, ‘‘चार वर्षांनी हे कशाला? त्यांनाही उपयोग नाही, आपल्यालाही नाही.’’ मी म्हटलं, आवक नंबर टाकून फाईलला लावा. लावेपर्यंत समोर उभी राहिले. घरी नवऱ्याला सांगितलं. दोन दिवस झाले, कामापुरतंच बोलतोय. बहिणीला उद्या सांगणार आहे.

रूथ पुन्हा काही करेल का, मला माहीत नाही, आणि ते विचारायचा हक्क माझा नाही. तिची चार वर्षं गेली ती गेली. त्या अंगणवाडीत अजून पट्टीनेच मोजतात.

एक राहिलंय, तेही लिहिते. ज्या दिवशी तिने कार्ड पुसलं, त्या दिवशी मी घरी येऊन पोटभर जेवले आणि मला शांत झोप लागली.